काळ्या मातीतलं लॉन वर्षभर कसं सांभाळावं

पाणी कमी पडून मेलेलं लॉन मी पुण्यात फार थोड्या घरी पाहिलंय. गेलेली बहुतेक लॉन पाण्यानेच गेलेली असतात. माझं पहिलं लॉनही तसंच गेलं, आणि ते का गेलं हे कळायला मला बरेच महिने लागले. म्हणून आधी तेच सांगते. ते एकदा लक्षात आलं की जून, ऑक्टोबर, मे, कुठल्या महिन्यात काय करायचं हे पाठ करावं लागत नाही.

कर्वेनगरला, नदीच्या बाजूला आमचं घर आहे. घरापुढे २० बाय २० फुटांची मोकळी जागा, म्हणजे ४०० चौरस फूट, साधारण ३७ चौरस मीटर. बांधकाम संपलं तेव्हा एका लॉनवाल्याने लाल मातीचा तीन इंचांचा थर पसरला आणि कार्पेट लॉनचे चौकोनी तुकडे एका दिवसात अंथरून दिले. वास्तुशांतीला आलेले सगळे पाय काढून त्यावर बसले होते. सकाळ-संध्याकाळ पाणी द्या, एवढंच त्याने सांगितलं. मी एक वेळ चुकवली नाही. पहिल्या पावसाळ्यात गणपतीपर्यंत पिवळे चट्टे पडले. मला वाटलं भूक असेल, म्हणून युरिया दिला. चट्टे वाढले. दिवाळीत रांगोळी काढायला बसले तेव्हा समोर अर्धं अंगण भुरकं झालेलं दिसत होतं.

भाऊबीजेला दादा आला. तो सासवडकडे शेती करतो. चहा व्हायच्या आत त्याने फावडं मागितलं आणि चट्ट्याच्या कडेला एक ढेकूळ उलटं केलं. वर लाल माती, तिच्याखाली दोन बोटं निळसर करडा चिखल, आणि त्याला तुंबलेल्या गटाराचा वास. त्याखाली विटांचे तुकडे, प्लास्टरची ढेकळं, सिमेंटच्या गोणीचा फाटका तुकडा. दादाने गवताचा एक झुबका चिमटीत धरून मला दाखवला. मुळं इंचभर, तपकिरी, बोटांनी ओढली तर साल निघून येत होती. "अगं, पाणी भरपूर आहे. श्वासच घेतलेला नाही यांनी," तो म्हणाला.

गवताच्या मुळांना हवा लागते. मातीच्या कणांमधल्या बारीक पोकळ्यांतून ती मिळते. आपली काळी माती चिकणमातीची. ओली झाली की फुगते आणि त्या पोकळ्या मिटतात, वाळली की आक्रसून भेगा पडतात. तिच्यावर वेगळ्या पोताची लाल माती ओतली की दोन थरांच्या सांध्यावर पाणी अडतं. खाली राडारोडा असेल तर आणखीच अवघड. त्यात रोज दोन वेळा वरून पाणी. मुळं खाली जायचं कारणच उरत नाही, ती वरच्या वर राहतात आणि तिथेच कुजतात. पुण्यात नव्या बंगल्यांच्या आणि सोसायट्यांच्या लॉनची हीच गोष्ट मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. दोष गवताचा नसतो.

तुमच्या लॉनखाली काय चाललंय हे पाहायला एक लांब स्क्रू ड्रायव्हर पुरे. पाणी दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी तो सरळ उभा धरून हाताने दाबा. सहा इंच सहज गेला तर माती ठीक आहे. दोन-तीन इंचांवर अडला तर जमीन दबलेली आहे. खडखड आवाज आला तर राडारोडा. अंगणात दहा ठिकाणी पाहा, कारण फाटकापासून दारापर्यंत माणसं चालतात ती पट्टी नेहमी जास्त घट्ट असते. सारसबागेतल्या हिरवळीवर लोकांच्या ये-जा करण्याने पडलेल्या वाटा पाहिल्या असतील, तेच छोट्या प्रमाणात घरी होतं.

आम्ही सगळं उकरलं. नऊ इंच खोल खणून राडारोडा काढला, दोन टेम्पो निघाला. मूळची काळी माती दोन भाग, भरड वाळू एक भाग आणि जुनं शेणखत एक भाग असं नीट कालवून परत भरलं. वाळू भरडच हवी. प्लास्टरची बारीक वाळू काळ्या मातीत घातली तर विटेसारखा गोळा होतो. घराकडून कुंपणाकडे अडीच इंचांचा उतार ठेवला. २० फुटांना तेवढा पुरतो, चालताना जाणवत नाही आणि पाणी मात्र थांबत नाही. गवंडी लेव्हल काढायला पारदर्शक नळीत पाणी भरतात, तीच नळी वापरली. तुमच्याकडे खणणं शक्य नसेल तर घाबरू नका. खाली सांगते ते फोर्कचं काम तीन-चार वर्षं नेमाने केलं तरी जमीन बदलते, मी बहिणीच्या अंगणात ते पाहिलंय.

गवत कोणतं, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. दिवसभर ऊन असेल तर हरळीच्या जातीचं घ्या, नर्सरीत 'सिलेक्शन वन' म्हणून मिळतं. हीच आपली दूर्वा, फक्त बारीक पानाची निवड. पुण्याच्या उन्हाळ्याला तिच्याइतकं सोसणारं दुसरं काही नाही. कार्पेट लॉन आणि कोरियन लॉन दिसायला दाट आणि मऊ, पण सावकाश वाढतात आणि चट्टा पडला तर भरून यायला महिने घेतात. अर्धवट सावलीत रुंद पानाचं शेड लॉन चालतं, त्याला पाणी जास्त लागतं. चार तासांपेक्षा कमी ऊन असलेल्या जागी, आंब्याखाली किंवा उंच भिंतीच्या उत्तरेला, कुठलंच गवत लावू नका. दरवर्षी नवे तुकडे आणून अंथरणारी घरं मला माहीत आहेत. त्या जागी फरशीचे दगड आणि नेचे लावले असते तर ते अंगण सुंदर दिसलं असतं.

सोलापूर रस्त्याला हडपसरच्या पुढे नर्सऱ्यांची रांग आहे. तिथून मी तुकडे न आणता गोणीभर हरळी मुळांसकट आणली आणि जूनमध्ये टोचली. दोन-तीन पेरांचे तुकडे करून चार-चार इंचांवर, दोन पेरं मातीत आणि शेंडा वर. दहा आठवड्यांत जमीन झाकली गेली. तुकडे अंथरले तर हिरवं त्याच दिवशी दिसतं हे खरं, पण नर्सरीची चिकट माती त्यांच्यासोबत येते आणि पुन्हा तोच थरांचा घोटाळा सुरू होतो. घाई नसेल तर टोचा.

आता वर्षाचं काम. माझं वर्ष फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होतं, थंडी सरून रात्री उबदार व्हायला लागतात तेव्हा. हरळी ही उन्हाची वनस्पती. २५ ते ३५ अंशांत ती जोमाने वाढते. या आठवड्यात फोर्कचं काम करते. बोहरी आळीतून घेतलेला चार दात्यांचा जाड फोर्क आहे. आदल्या दिवशी पाणी देऊन ठेवते. मग फोर्क उभा रोवून पायाने चार इंच आत दाबायचा, दांडा किंचित मागे-पुढे हलवायचा, आणि सरळ वर काढायचा. ढेकूळ उपसायचं नाही, फक्त भोकं पाडायची. सहा इंच सरकून पुन्हा. माझ्या ४०० फुटांना तीन सकाळी लागतात, रोज दीड तास. पहिल्या वर्षी दाता आत जाताना करकरत असे, आता लोण्यात सुरी गेल्यासारखा जातो. त्या फरकासाठी मी हे काम माळीकाकांना न देता अजून स्वतः करते.

भोकं पडली की लगेच त्यावर भरड वाळू आणि चाळलेलं गांडूळखत निम्मं-निम्मं मिसळून पसरते, बारा-पंधरा घमेली होतं, आणि खराट्याने झाडून भोकांत लोटते. गवताचे शेंडे वर दिसत राहिले पाहिजेत. अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड थर नको. शेणखत वापरणार असाल तर पूर्ण कुजलेलं, हाताला चहापावडरीसारखं लागणारं. कच्च्या शेणखतातून तणाचं बी आणि मुळं खाणारी हुमणीची अळी दोन्ही घरात येतात. आठवड्याने २०० ग्रॅम युरिया दोन घमेली कोरड्या वाळूत मिसळून सगळीकडे सारखा फेकते आणि तासाच्या आत पाणी देते. युरियात ४६ टक्के नत्र असतं, मूठ एका जागी जास्त पडली तर तिथे गवत करपतं. वाळूत मिसळायचं ते त्यासाठी. इतकाच युरिया जुलैच्या शेवटी पुन्हा एकदा, बस.

मार्च ते मे हा पाण्याचा हिशोब पाळायचा काळ आहे. रोज थोडं पाणी म्हणजे मुळांना वरच राहायला सांगणं. आठवड्यातून दोनदा, पण भरपूर. भरपूर म्हणजे किती ते मोजता येतं. एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर. एका वेळी १२ मिलिमीटर हवं, तर ३७ चौरस मीटरला साडेचारशे लिटरच्या आसपास. आमची नळी १५ लिटरची बादली एका मिनिटात भरते, म्हणजे एका वेळी अर्धा तास. तुमच्या नळाला बादली लावून घड्याळ बघा. फवारा असेल तर लॉनवर चार-पाच रिकामे डबे ठेवा आणि त्यांत किती पाणी साठलं ते पट्टीने मोजा. एका कोपऱ्यात दुप्पट आणि दुसऱ्यात निम्मं पडतंय हे तेव्हाच कळतं. काळी माती पाणी सावकाश पिते, म्हणून पंधरा मिनिटं देऊन थांबते, अर्ध्या तासाने उरलेलं देते. वेळ पहाटेची, उजाडायच्या सुमाराला. रात्री दिलं तर पानं बारा तास ओली राहतात आणि बुरशीला बरं वाटतं.

तहान लागली की गवत सांगतं. पानं दुमडून सुईसारखी होतात, हिरवा रंग निळसर करडा दिसतो, आणि चाललात तर पावलाचे ठसे तसेच राहतात. मी ठसे बघते आणि मग नळ सोडते.

एप्रिल-मे मध्ये पाणीकपात झाली तर लॉनचं पाणी बंद करते. माझ्या मते त्या दिवसांत लॉन हिरवं ठेवणं योग्यच नाही. आठवड्याला नऊशे लिटर पाणी गवतावर घालायचं आणि शेजारच्या इमारतीत टँकर येत असायचे, हे मला जमत नाही. हरळीची मुळं नीट खाली गेली असतील तर ती पिवळी पडून झोपून राहते, मरत नाही. तीन आठवड्यांतून एकदा दोनशे लिटर दिलं की मातीतल्या काड्या जिवंत राहतात. त्या काळात त्यावर चालायचं नाही, कापायचं नाही, खत द्यायचं नाही. वळवाचा एक चांगला पाऊस झाला की चार-पाच दिवसांत बुडातून हिरवं टोचायला लागतं. शेड लॉनला मात्र अशी झोप येत नाही, ते जातं. सोसायटीत सांडपाणी प्रक्रियेचं पाणी मिळत असेल तर लॉनला ते चालतं. वॉशिंग मशीनचं पाणी नको, त्यातल्या सोड्याने काळी माती आणखी घट्ट होते.

बोअरचं जड पाणी देणाऱ्यांकडे कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असं दिसतं. ती लोहाची कमतरता. चुन्याच्या मातीत लोह असून मुळांना मिळत नाही. लिटरला पाच ग्रॅम फेरस सल्फेट, त्यात थोडं लिंबू पिळून, संध्याकाळी फवारा. आठवड्यात रंग फिरतो. फरशीवर थेंब पडले तर लगेच धुवा. आमच्या पायरीवर त्याचे गंजाचे डाग अजून आहेत.

गवत कापायच्या मशीनबद्दल थोडं. मी हाताने ढकलायचं, सिलिंडरच्या पात्यांचं मशीन वापरते. एका वेळी पानाच्या एक तृतीयांशाहून जास्त कापायचं नाही, हा एकच नियम. हरळी एरवी दीड इंचावर, उन्हाळ्यात दोन इंचांवर. गवत उंच तर मुळंही खोल, आणि सावलीमुळे माती कमी तापते. सुट्टीवरून आलात आणि गवत चार इंच झालं असेल तर आठवड्याच्या अंतराने दोन-तीन वेळा कापत खाली आणा. कापल्यावर दोन दिवसांनी शेंडे पांढुरके, चिरल्यासारखे दिसले तर पातं बोथट आहे.

जून. मृग लागतो त्या सुमारास दोन गोष्टी एकदम येतात, लव्हाळा आणि भुंगेरे. पुण्यात वर्षाला साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पश्चिमेला, डोंगराच्या बाजूला जास्त, हडपसरकडे कमी. पाऊस सुरू झाला की पाणी विसरायचं. पंधरा दिवसांचा खंड पडला तरच एकदा द्यायचं.

लव्हाळा ओळखायचा तर देठ बोटांत फिरवून पाहा. गवताचा गोल किंवा चपटा, लव्हाळ्याचा तिधारी. ओढून उपटला तर वरचं पान हातात येतं आणि खालची गाठ राहते. त्या गाठी जमिनीत माळेसारख्या जोडलेल्या असतात. एक तोडली की शेजारचीला कोंब फुटतो. म्हणून मोठ्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी, माती मऊ असताना, खुरप्याचं टोक देठाच्या बाजूने सरळ सहा इंच खाली घालून आख्खी गाठ बाहेर काढते. दहा दिवसांनी पुन्हा तेच. आमच्याकडे दोन पावसाळ्यांत आटोक्यात आला. गाठी कंपोस्टमध्ये टाकायच्या नाहीत, त्या तिथे मजेत जगतात. गाजरगवत फुलायच्या आत, हातमोजे घालून. देशात त्याची पहिली नोंद १९५० च्या दशकात पुण्यातच झाली, आणि रिकाम्या प्लॉटमधून त्याचं बी दरवर्षी कुंपण ओलांडून येतंच. आंबुशी आणि दुधी ही तणं हाताने निघतात.

भुंगेऱ्यांचं काम फार थोड्यांना माहीत असतं. पहिल्या चांगल्या पावसानंतर दिवेलागणीला तपकिरी भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंबावर, बाभळीवर जमतात. रात्री ते खाली येऊन अंडी घालतात, आणि त्यांतून हुमणी होते, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली पांढरी अळी, तपकिरी डोक्याची. ऑगस्टपासून ती मुळं खाते. आमच्या गल्लीत कडुनिंब आहे. त्या आठवड्यात रोज रात्री आठच्या सुमारास आम्ही दोघं खाली चादर धरून फांद्या हलवतो आणि पडलेले भुंगेरे रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकतो. एका संध्याकाळी दोनशेच्या वर मोजले आहेत. एवढं केलं की ऑगस्टमध्ये औषध शोधावं लागत नाही.

तरी ऑगस्टमध्ये एकदा तपासते. लॉनवर साळुंक्या आणि कावळे सारखे टोचत असतील, किंवा पिवळ्या चट्ट्यातलं गवत सतरंजीसारखं वर उचललं जात असेल, तर तिथे एक फूट चौकोन तीन बाजूंनी सुरीने कापून झाकणासारखा मागे उलटायचा. नातू अळ्या मोजतो. एक-दोन असल्या तर पक्ष्यांसाठी ठेवून देतो. पाच-सहाच्या वर असतील तर अळ्या मारणाऱ्या मेटारायझियम बुरशीची पूड पाकिटावरच्या प्रमाणात पाण्यात कालवून, पावसाची उघडीप बघून, संध्याकाळी जमिनीत ओतायची. झाकण परत बसवून पायाने दाबलं की दोन आठवड्यांत चिकटतं.

पावसाळ्यात दर आठवड्याला कापावं लागतं, पण गवत कोरडं असतानाच. ओलं गवत कापलं तर पानं चिरडतात आणि चाकांच्या खाली माती दबते. फेब्रुवारीची मेहनत एका दुपारी जाते. कापलेलं गवत या दिवसांत उचलून टाका, नाहीतर त्याचा ओला थर बसून खालचं कुजतं. उन्हाळ्यात तेच तिथेच राहू दिलं तरी चालतं. पाणी साचलेलं दिसलं तर पाऊस थांबल्यावर त्या जागी फोर्कने भोकं पाडा, घोट घोट उतरताना दिसतं.

नारळी पौर्णिमेपासून मी पूर्वेच्या भिंतीकडची दोन फुटांची पट्टी कापत नाही. तिथे युरियाही नाही आणि फवाराही नाही. गणेश चतुर्थीच्या पहाटे गल्लीतल्या सात-आठ घरांतून माणसं परडी घेऊन येतात आणि तीन पानांचे कोवळे शेंडे खुडून एकवीसची जुडी बांधून नेतात. सिलेक्शन वनची दूर्वा बारीक असते, पण कोवळी आणि स्वच्छ. विसर्जन झालं की ती पट्टी दोन टप्प्यांत कापून बाकीच्या बरोबरीला आणते.

हस्ताचा पाऊस ओसरला की ऑक्टोबरचं ऊन सुरू होतं, आणि इथे बरेचजण फसतात. जमीन वरून वाळलेली दिसते म्हणून पाणी सुरू करतात, पण काळ्या मातीत सहा इंचांवर ओल असते. स्क्रू ड्रायव्हर घाला, बाहेर आला की त्याला माती चिकटली आहे का पाहा. चिकटली असेल तर आठवडाभर थांबा. याच महिन्यात उरलेल्या चट्ट्यांत हरळी टोचून घ्यायची, थंडीच्या आत तिने मूळ धरलं पाहिजे. सगळ्या लॉनला ३०० ग्रॅम १०:२६:२६, म्हणजे नत्र-स्फुरद-पालाशचं मिश्र खत देते, वर्षातलं शेवटचं.

डिसेंबर-जानेवारीत पुण्याचं किमान तापमान १० अंशांच्या आसपास उतरतं, कधी त्याखाली. हरळी मंदावते, पानांच्या टोकांना तपकिरी रंग येतो. तो रोग नाही. तिला युरिया देऊन उठवू नका, खाली कापू नका, दहा दिवसांतून एकदा सकाळी ऊन वर आल्यावर पाणी पुरे. दव सुकायच्या आत त्यावर फिरू नका. चालून आल्यावर बुटाला नारिंगी पूड लागली तर मात्र तो तांबेरा, बुरशीचा रोग. कापलेलं गवत उचला, पाणी आणखी कमी करा, ऊन तापलं की जातो. मशीनची पाती उतरवून धारवाल्याकडे द्यायचे हेच दिवस. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत त्याच्याकडे गर्दी नसते, तो सावकाश, नीट धार लावून देतो.